कापशीसाठी एक विनंती

कोल्हापूर, फेब्रुवारी

प्रिय सुन्या,

शेताकडं अजून शिकारी पाखरं दिसतात का, असं तू विचारलंस. फोनवर सांगून भागलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

दिसतात रे! ऊसतोड जोरात आहे. एखाद्या फडाचं पाचट पेटलं की घारी गोळा होतात आणि जाळापुढं उडणारे टोळ हवेतच पंजात धरून उडता-उडता खातात. माळावर भोवत्या नावाची शिकारी पाखरंही आलीत, पार मध्य आशियाकडनं.

पण माझा जीव कापशीवर, म्हणजे त्या लहानग्या कापशी घारीवर. विहिरीजवळच्या तारेवर जोडी बसते. पांढुरकं अंग, खांद्यावर काळा डाग, डोळे गुंजेसारखे लाल. बसल्या जागी शेपटी वरखाली हलवत असते. मग उठते, खोडव्यावर, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसावर, एकाच जागी पंख मारत थांबते, पाय खाली सोडते, थोडी उतरते, पुन्हा थांबते आणि पंख वर उभे धरून थेट खाली! मादी अंड्यांवर असली की नर उंदीर आणून देतो. पिल्लं असली की विचारूच नकोस.

परवा एक कापशी बांधावर मरून पडलेली दिसली. अंगावर जखम नव्हती. शेजारच्या रानात उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोन हे विष टाकलं होतं. त्यानंच मेली असं छातीठोकपणे म्हणत नाही, पण ते औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठायचं थांबतं, काही दिवस तो सुस्तावून फिरतो आणि नेमका तोच कापशीला आधी सापडतो. गिधाडांचं काय झालं आठवतंय ना? गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती.

म्हणून एक काम कर. तुमचं रान दादा बघतो, माझ्यापेक्षा तुझं ऐकेल. त्याला विष टाकू देऊ नकोस. बिळं बुजवून दुसऱ्या दिवशी उकरलेली तेवढी हेरायची आणि तिथं सापळे लावायचे. खोडवा गुडघाभर आहे तोवर पक्षीथांबे रोवायचे, म्हणजे बांबूला वर आडवी काठी बांधायची, बस्स. कापशी दिवसा टेहळते, रात्री पिंगळा नि गव्हाणी घुबड येऊन बसतं. उंच उसात थांब्यांचा उपयोग नाही, म्हणून घाई.

बांबू आमच्याकडं आहेत. दादाशी बोललास की कळव, रविवारी मी स्वतः जाऊन रोवतो. काकूंना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या