शँकवर छापलेलं 'एम४२' आत नाही : ८.५ मि.मी. ड्रिलबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग आणि गुणवत्ता विभाग

विषय : 'एम४२, ८ टक्के कोबाल्ट' अशी छाप असलेली ८.५ मि.मी. ड्रिलं सदोष निघाल्याबाबत, तसेच आपल्या हेल्पलाइनने दिलेल्या चुकीच्या सल्ल्याबाबत.

स. न. वि. वि.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं लहान फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मी, दोन कामगार, एक पिलर ड्रिल, एक जुना लेथ आणि आर्गॉन वेल्डिंगचे दोन सेट, एवढाच पसारा. दूध डेअऱ्या आणि गुऱ्हाळं यांच्या स्टेनलेस स्टीलच्या कामावर आमचं घर चालतं. वडील याच गल्लीत ऑइल इंजिनांची कामं करायचे. ड्रिलला ग्राइंडरवर हाताने धार लावायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. हे सांगायचं कारण असं की, तुमच्या हेल्पलाइनवरच्या माणसाने मला "तुम्हाला वापरायची पद्धत माहीत नसेल" असं ऐकवलं. म्हणून पद्धतीपासूनच सुरुवात करतो.

जानेवारी महिन्यात तुमच्या अधिकृत विक्रेत्याकडून मी ८.५ मि.मी.ची १० ड्रिलं घेतली. नगाला ४८० रुपये, पक्क्या बिलावर. प्रत्येक शँकवर, म्हणजे ड्रिलच्या मशीनमध्ये धरायच्या दांड्यावर, 'एम४२' (८ टक्के कोबाल्टच्या स्टीलची प्रत) आणि 'डीआयएन ३३८' (ड्रिलच्या मापांचं जर्मन मानक) अशी छाप आहे. पाकिटावर '८ टक्के कोबाल्ट', '१३५ अंश स्प्लिट पॉइंट' आणि मोठ्या अक्षरांत 'स्टेनलेस स्टीलसाठी' असं लिहिलंय. काम होतं एका डेअरीच्या फ्लँजांचं (पाइप जोडायच्या चकत्यांचं) : एस.एस. ३०४ (स्टेनलेस स्टीलची नेहमीची प्रत), जाडी १० मि.मी., २४ नग, प्रत्येकी ८ भोकं, आणि त्यात एम१०चे आटे. म्हणजे १९२ भोकं. एम१०च्या, म्हणजे १० मि.मी. बोल्टच्या, टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) आधी ८.५चं भोक लागतं, म्हणून हीच साइज.

वेग आम्ही अंदाजाने ठेवत नाही. एस.एस. ३०४ला कोबाल्टच्या ड्रिलसाठी मी मिनिटाला १२ मीटर कटिंग स्पीड धरतो. १२,००० भागिले (३.१४ गुणिले ८.५) केलं की मिनिटाला साधारण ४५० फेरे येतात. आमच्या मशीनच्या पुलीवर त्याच्या जवळचा खाचा ४२० फेऱ्यांचा आहे. बेल्ट त्याच खाच्यात होता. सेंटर पंच मारलेला, जॉब व्हाइसमध्ये पक्का धरलेला, आणि शेजारी कटिंग ऑइलचा डबा, ब्रशसकट.

पहिल्या ड्रिलने तीन भोकं मारली. चौथ्याला आवाज बदलला. ३०४ नीट कापलं जात असतं तेव्हा दोन्ही फ्लूटमधून (ड्रिलवरच्या पिळदार खाचांतून) सारख्या जाडीच्या लांब चिपा गुंडाळत वर येतात आणि हँडलला हाताखाली एकसारखा भार लागतो. इथे एका बाजूची चिप आधी बारीक झाली, मग बंदच पडली. दुसऱ्या बाजूने सुईसारखे निळे तुकडे उडायला लागले आणि मशीन किंचाळायला लागलं. ड्रिल वर काढून पाहिलं तर टोकाचे दोन्ही कोपरे निळे-काळे पडून गोल झाले होते. दोन मिलिमीटर खोल गेलेल्या भोकाचा तळ काचेसारखा चकाकत होता.

ही चकाकी म्हणजे काय ते तुमच्या गुणवत्ता विभागाला ठाऊक असणार, पण हेल्पलाइनला ठाऊक नव्हतं, म्हणून लिहितो. ३०४ कापलं जायच्या ऐवजी नुसतं चोळलं गेलं की त्या जागी ते कडक होत जातं. मग नवं कोरं ड्रिल लावलं तरी ते तिथे चावत नाही, त्याचीही धार जाते. म्हणजे एक खराब ड्रिल जाताना जॉबही खराब करून जातं. अशी अर्धवट अडकलेली भोकं आमच्या तीन फ्लँजांत झाली. ती शेवटी बाहेर जॉबवर्कवाल्याकडे कार्बाइड ड्रिलने मारून घ्यावी लागली. त्याचे १,३५० रुपये गेले आणि डेअरीला माल दोन दिवस उशिरा गेला.

त्या दिवशी मशीनवर आमच्याकडचा आयटीआय केलेला मुलगा होता. मी बाहेर गेलो होतो. आत आलो, जळकं ड्रिल पाहिलं, आणि त्याने वेग वाढवला असणार, तेल द्यायला विसरला असणार असं धरून त्याला सगळ्यांसमोर बोललो. तो एवढंच म्हणाला, "दादा, बेल्ट बघा." बेल्ट जागेवर होता. तेलाचा डबा सकाळी भरलेला, तो निम्म्यावर आला होता. दुसरं ड्रिल मी स्वतः चढवलं आणि स्वतः चालवलं. पाच भोकांत ते गेलं. त्या मुलाची मी माफी मागितली. पण माझ्यासारखे किती मालक आपल्या कामगाराला बोलून मोकळे होत असतील आणि नंतर बेल्ट बघायचाही विसरत असतील, हा विचार काही डोक्यातून जात नाही. ही तक्रार लिहायला बसण्याचं खरं कारण तेच आहे.

पाच ड्रिलांची भोकं अनुक्रमे ३, ५, २, ४ आणि ३ झाली. एकूण १७. मग मी खणातलं जुनं ड्रिल काढलं. दुसऱ्या बनावटीचं, एम३५, म्हणजे ५ टक्के कोबाल्टचं, तेही एकदा धार लावलेलं. मशीन तेच, बेल्ट त्याच खाच्यात, तेल तेच, आणि चालवायला तोच मुलगा. त्याने ४१ भोकं मारली आणि त्यानंतर धारेला आलं. कोबाल्ट कमी असलेलं, वापरलेलं ड्रिल ४१ भोकं मारतं आणि जास्त कोबाल्टचं कोरं ड्रिल तीन-चार भोकांत जळतं, याचा दोष आमच्या पद्धतीला कसा देणार?

तरीही मी लगेच तक्रार केली नाही. आधी तपासून घेतलं. तुमचं एक ड्रिल आणि जुनं ड्रिल ग्राइंडरला लावून ठिणगी पाहिली. साध्या कार्बन स्टीलची ठिणगी पिवळीधमक असते आणि फुलबाजीसारखी फुटते. एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) लालसर, मोजकी, फारशी न फुटणारी. तुमच्या ड्रिलची ठिणगी एचएसएसची आहे, ते मी मान्य करतो. लांबीही बरोबर आहे : डीआयएन ३३८प्रमाणे ८.५चं ड्रिल एकूण ११७ मि.मी. आणि फ्लूट ७५ मि.मी., तसंच ते भरलं. पण कोबाल्ट आहे की नाही हे ठिणगीवरून कळत नाही, आणि रंगावरून तर नाहीच. तुमच्या ड्रिलांना सोनेरी छटा आहे. दुकानात पुष्कळ जण सोनेरी दिसलं की कोबाल्ट समजून घेतात. तो रंग टायटॅनियम नायट्राइडच्या पातळ थराचा असू शकतो किंवा नुसता तापवून आणलेला असू शकतो. कोबाल्ट असतो तो आख्ख्या धातूत, वरच्या मुलाम्यात नव्हे. म्हणून तर खऱ्या कोबाल्ट ड्रिलला पुन्हापुन्हा धार लावली तरी त्याचा गुण राहतो.

उरलेल्या पाचांतली दोन न वापरलेली ड्रिलं मी एका तपासणी प्रयोगशाळेत दिली. हार्डनेस ६२ ते ६३ एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) भरला. खरं एम४२ नीट कडक केलं तर ६७च्या आसपास जातं. त्यानंतर पीएमआय गनने (धातूत कोणते घटक किती आहेत ते मोजणाऱ्या यंत्राने) धातूची घडण पाहिली. एम४२मध्ये मॉलिब्डेनम साडेनऊ टक्क्यांच्या घरात, टंगस्टन दीड टक्का आणि कोबाल्ट ८ टक्के असतो. तुमच्या ड्रिलात टंगस्टन ४ टक्के, मॉलिब्डेनम ३ टक्के आणि कोबाल्ट अर्धा टक्कासुद्धा नाही. कोबाल्ट थोडा कमी पडला असता तर मी बॅचमधला फरक म्हटलं असतं. पण इथे टंगस्टन जास्त आणि मॉलिब्डेनम कमी, म्हणजे प्रमाणच उलटं आहे. हे एम४२ नाहीच. एम३५ही नाही, आणि साध्या एम२लाही साधारण ६ टक्के टंगस्टन आणि ५ टक्के मॉलिब्डेनम असतो, त्यातही ते बसत नाही. हे स्वस्तातलं एचएसएस आहे. एम.एस.ला (साध्या माइल्ड स्टीलला), लाकडाला ते चालेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या नावाने आणि त्या किमतीत विका, आम्ही त्या कामाला घेऊ.

टोकाबद्दलही लिहायला हवं. तपासलेल्या दोनांपैकी एका ड्रिलच्या दोन धारा सारख्या नाहीत. कोन १३५चाच आहे, पण एक धार दुसरीपेक्षा उघड लांब, त्यामुळे टोक मध्यावरून सरकलंय. असं ड्रिल आपल्या साइजपेक्षा मोठं भोक पाडतं. आमच्या १७ भोकांपैकी ६ भोकं ८.७च्या वर गेली, सर्वांत मोठं ८.८. एम१०च्या नेहमीच्या ६एच (मापातल्या सुटीचा वर्ग) आट्यांसाठी आतला व्यास जास्तीत जास्त ८.६७६ चालतो. त्यापुढे आटे उथळ पडतात. बोल्ट बसतो, हाताला घट्टही वाटतो, पण दाबाखाली तो धरेलच असं नाही. त्या सहा जागा आम्ही मोठ्या करून एम१२चे आटे पाडले आणि डेअरीला तसं आधी सांगून त्यांची संमती घेतली.

आता हेल्पलाइनविषयी. मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा सांगितलं, कटिंग टूल घासणारच, त्याला वॉरंटी नसते. घासणं मला मान्य आहे, माझी तक्रार घासण्याची नाहीच. दुसऱ्यांदा सांगितलं, एस.एस.वर वापरलं तर कंपनी जबाबदार नाही. पाकिटावर 'स्टेनलेस स्टीलसाठी' छापलंय असं म्हणालो, तर फोन होल्डवर गेला आणि कट झाला. तिसऱ्यांदा एका गृहस्थांनी सल्ला दिला की वेग कमी पडतोय, १,२०० फेऱ्यांवर चालवा. ८.५च्या ड्रिलला १,२०० फेरे म्हणजे मिनिटाला ३२ मीटर. तो वेग एम.एस.चा झाला. ३०४वर त्या वेगाने खरं एम४२सुद्धा बघता बघता जळेल, आणि तापलेल्या चिपा चालवणाऱ्याच्या हातावर येतील. नवा मुलगा असेल तर तो कंपनीने सांगितलंय म्हणून तसंच करेल. असा सल्ला फोनवर पुन्हा कुणालाही दिला जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ड्रिल विकत घेताना आमच्या हातात प्रयोगशाळा नसते. शँकवरची दोन अक्षरं आणि दोन आकडे, एवढ्यावर आम्ही वेग ठरवतो, हाताचा दाब ठरवतो, गिऱ्हाइकाला तारीख देतो. जाड एस.एस.ला आम्ही हात हलका ठेवत नाही, कारण हलका ठेवला की ते चोळलं जातं. एम४२ वाचलं म्हणून त्या मुलाने जोर दिला, आणि तो बरोबरच होता. छापच खोटी असेल तर पुढचं सगळं बरोबर करूनही माणूस चुकीचा ठरतो.

म्हणून माझं मागणं असं. १० ड्रिलांचे ४,८०० रुपये आणि बाहेर करून घेतलेल्या कामाचे १,३५० रुपये परत मिळावेत. न उघडलेली तीन ड्रिलं मी राखून ठेवली आहेत. ती तुमच्या प्रतिनिधीने इथे येऊन माझ्यासमोर सील करावीत आणि तुम्हाला मान्य असलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावीत. निकाल माझ्या विरुद्ध आला तर तपासणीचा खर्च मी देईन. पाकिटावरच्या बॅच नंबरचा बाकीचा माल दुकानांतून परत मागवावा, निदान त्यावरची 'एम४२' आणि 'स्टेनलेस स्टीलसाठी' ही छाप तरी काढावी. माझ्या पैशांपेक्षा मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण याच गल्लीत माझ्या ओळखीच्या आणखी दोघांनी हीच ड्रिलं घेतली आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे, फोनवर नको. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तुमच्या प्रतिनिधीने "तुम्ही व्यावसायिक वापर करता, तुम्ही ग्राहकच नाही" असं मला सुचवलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये, स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'त धरली जात नाही, असं स्पष्टीकरण आहे. माझ्या वर्कशॉपवर माझ्या घराची चूल पेटते. आणि राहत्या ठिकाणच्या आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी मला तुमच्या शहरात यायची गरज नाही.

बिलाची प्रत, प्रयोगशाळेचा अहवाल, पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि जळालेल्या पाचही ड्रिलांच्या टोकांचे फोटो सोबत जोडले आहेत. जळालेली ड्रिलं माझ्याकडे डब्यात आहेत, हवी तेव्हा नेऊ शकता. त्यांना मी धार लावलेली नाही.

कळावे,

आपला ग्राहक
(फॅब्रिकेशन वर्कशॉपचालक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर)