आरंभीचे बोलपट आणि पॅरिसचा शिंपी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोलपटांच्या आरंभकाळाविषयी लिहिताना ‘तेव्हाचे चित्रपट म्हणजे मायक्रोफोनपुढे उभे राहून केलेली नाटके’ असे विधान हमखास केले जाते. पुष्कळ चित्रपटांबाबत ते खरेही आहे. मात्र पॅरामाउंटचा १९३२ सालचा ‘लव्ह मी टुनाइट’ पाहिलेल्या प्रेक्षकाला ते सरसकट मान्य होणार नाही.

पॅरिसचा शिंपी (मॉरिस शेव्हालिए) एका उमरावाकडे थकलेली उधारी वसूल करायला ड्यूकच्या वाड्यावर जातो आणि बिंग फुटू नये म्हणून तो उमराव त्याची ओळख ‘बॅरन’ अशी करून देतो. एवढ्या घोटाळ्यावरही प्रहसन उभे राहिले असते. दिग्दर्शक रूबेन मामुलियन यांनी मात्र कथेचा भार आवाजावर टाकला. शिंप्याने दुकानात म्हटलेले गाणे गिऱ्हाईक उचलते, त्याच्याकडून ते टॅक्सीवाल्याकडे, आगगाडीतल्या सैनिकांकडे आणि जिप्सींच्या तांड्याकडे जाते, आणि अखेर गच्चीत उभ्या असलेल्या राजकन्येच्या (जेनेट मॅकडोनाल्ड) ओठांवर येते. तोवर दोघांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते.

सोंग उघडे पडते तेही त्याच्या हातच्या कसबामुळे. राजकन्येच्या घोडेस्वारीच्या पोशाखाची बेंगरूळ शिवण त्याला पाहवत नाही आणि तो स्वतःच नवा पोशाख शिवून देतो. मग ‘हा तर नुसता शिंपी!’ ही बातमी गाण्यातूनच ड्यूकपासून (सी. ऑब्रे स्मिथ) थेट नोकरचाकरांपर्यंत पोहोचते, आणि शिंप्याची सेवा करावी लागली याचा अपमान मालकांइतकाच नोकरांनाही वाटतो. उच्चभ्रू समाजावर इतकी नेमकी टीका भाषणबाजीविना क्वचितच झाली असेल.

खेदाची गोष्ट ही, की १९३४ पासून अमेरिकेत चित्रपटांच्या आशयाबाबतचे नियम कडक झाल्यावर पुनर्प्रदर्शनासाठी या चित्रपटाला कात्री लावली गेली. मर्ना लॉय यांच्या तोंडचा ‘मिमी’ गाण्यातील भागही त्यात गेला, आणि मूळ अखंड प्रत आजवर हाती आलेली नाही.

प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ही १९३२ चाच. आपल्याकडील चित्रपट मंडळांनी हे दोन्ही बोलपट एकाच कार्यक्रमात दाखवावेत आणि आपल्या चित्रपटविषयक पुरवणीने त्यांतील ध्वनीच्या वापरावर सविस्तर लेख छापावा, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे