चिखलदऱ्यावरून भांडून गेलास म्हणून

बाळा,

सलाम. पोचल्याचा फोन बाबांना केलास, मला नाही. असू दे. चिखलदऱ्याचं नाव काढायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

ती पोरगी मला आवडते, हे आधी सांगते. उपासनेत पेटी वाजवते, आजीला हाताला धरून पायऱ्या उतरवते. तुम्ही बोलता यात मला काही वावगं वाटत नाही. पण मित्राची मोटारसायकल, घाट, आणि घरी सांगितलंस की तरुण संघ सोबत आहे. कोण होतं रे सोबत? बघ, आलंच चिखलदऱ्याचं नाव.

बायबलातलं शास्ते, सोळावा अध्याय काढ. शमशोनाची ताकद न कापलेल्या केसांत, पण ते गुपित काढून त्याला धरून द्यायला बसलेल्या दलीलेला तो एकदम काही सांगत नाही. आधी धनुष्याच्या ओल्या दोऱ्यांचं सांगतो, मग नव्या दोरांचं. तिसऱ्या वेळी म्हणतो, माझ्या सात बटा मागावर विण. तेही खोटंच, पण बोलणं केसांपर्यंत आलं ना? संडे स्कूलची पोरं वस्तऱ्याची वाट पाहत बसतात. मला मात्र ते तिसरं उत्तर टोचतं. आणि तिला दलीला म्हणते आहे असं मनात आणू नको. तुम्ही दोघंही शमशोनच, आपल्या जोरावर भरवसा असलेले.

आधी सगळ्यांत बसून बोलणं, मग रात्रीचा फोन, मग फोटो, मग 'घरी सांगू नको'. दर वेळी कालच्याहून थोडंच पुढं, म्हणून एवढ्यानं काय होते असं वाटते. योसेफ अंगरखा सोडून पळाला ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याआधी त्याच्या धन्याची बायको रोज बोलायची आणि हा रोज नाही म्हणायचा, तिच्याजवळ थांबायलासुद्धा. तेही उत्पत्तीच्या त्याच ३९व्या अध्यायात आहे. घाटात, अंधार पडताना, तू कुठं पळणार होतास? हद्द ठरवायची तर दोघांनी बसून दिवसाउजेडी ठरवा. रात्री फोनवर ठरवलेली टिकत नाही.

झालं माझं प्रवचन. माफ कर.

आजोबांच्या दफनाला तू प्रार्थना केलीस, तेव्हा पाळकसाहेबसुद्धा मान खाली घालून ऐकत होते. बाबा अजून सांगतात लोकांना, वेचणीच्या बायांनासुद्धा. तुझ्यासमोर बोलणार नाहीत. लहानपणी कपाशीच्या ढिगात झोपायचास, हाक मारली तरी ओ द्यायचा नाहीस. मी ढीग उपसत सुटायची.

संत्र्यांचं खोकं एसटीनं टाकलं आहे, अमरावतीच्या डेपोतून उचल. तिलाही दे, पण होस्टेलच्या गेटवर, वॉर्डनसमोर. नाताळात तिला आईबापासकट जेवायला बोलवू, मीच फोन करते.

हद्द ठरली की मला एवढंच कळव की ठरली. काय ठरली ते सांगू नको.

नाही, थोडं सांग.

तुझी,
आई