वरच्या खाचराचा इसार घेऊ नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं बोलून होणार नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा, सावकाश वाचा.

गेल्या आठवड्यात रजा काढून बानावेला जाऊन आले. फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या उत्तर भागात, डोंगरात, इफुगाव प्रांतात आहे हे. मनिलाहून रात्री बसलं की नऊ-दहा तासांनी, उजाडता उजाडता पोचतो. इथे त्याला म्युनिसिपालिटी म्हणतात, पण आपल्या नगरपालिकेसारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. छोटा तालुकाच समजा. १८ बारांगाय, म्हणजे गावं, आणि माणसं मिळून वीस हजारांच्या आसपास. मी राहिले ते बाताद गावात. जीपने जमेल तितकं जायचं, पुढे डोंगर उतरून पायी.

खिंड ओलांडली आणि मी वाटेतच बसले. समोरचा अख्खा डोंगर अर्धगोलात कापलेला, तळाच्या घरांपासून वरच्या रानापर्यंत नुसती खाचरं. सगळ्यांत पाणी भरलेलं. बाबा, बांध बघायला तुम्ही हवे होतात. बातादला ते दगडाचे आहेत, कुठे पुरुषभर उंच, कुठे त्याहून जास्त, आणि सिमेंट नाही की काही नाही. गावात जायची वाटही बांधावरूनच. समोरून डोक्यावर ओझं घेतलेली बाई आली की आपण अंग चोरून उभं राहायचं.

पाणी कुठून येतं म्हणाल, तर खाचरांच्या वर घराघरानं राखलेलं रान असतं. त्याला मुयोंग म्हणतात. आपल्या देवराईसारखंच, फक्त घरचं. तिथे मुरलेलं पाणी पाटानं वरच्या खाचरात येतं, तिथून खालच्यात, मग त्याच्या खालच्यात. वरच्यानं हयगय केली की खालच्याचं भात वाळतं.

त्यांच्या भाताचं नाव तिनावोन. वर्षातून एकदाच येतो, नावाचा अर्थही तोच. नेमकी लावणी चालली होती. ज्यांच्या घरी उतरले होते त्या आजींनी रोपांची मूठ माझ्या हातात दिली आणि बांधावर उभ्या राहून माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. मी आई शिकवते तसं तीन बोटांत रोप धरून चिखलात टेकवलं. पाच-सहा रोपं झाल्यावर आजींनी नातवाकरवी विचारलं, कोणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या आईनं. मग त्यांनी कनवटीची सुपारी, पान आणि चुना काढून माझ्यापुढे धरला. आई, तुझी चंचीच आठवली मला. भर चिखलात डोळे भरून आले.

या खाचरांचं वय दोन हजार वर्षं सांगतात. अलीकडचं उत्खनन म्हणतं, एवढी नाहीत, चारशेक वर्षांची असतील, स्पॅनिश लोकांच्या जाचातून डोंगरात सरकलेल्या माणसांनी वाढवलेली. मला हीच गोष्ट जास्त पटते. युनेस्कोनं बातादसकट पाच ठिकाणची खाचरं १९९५ साली जागतिक वारशात घेतली आणि २००१ मध्ये धोक्यातल्या यादीत टाकली, कारण खाचरं पडीक पडत होती. २०१२ मध्ये त्या यादीतून काढली खरी, पण पडीक तुकडे मी डोळ्यांनी पाहिले. एका ठिकाणी बांध फुगून खाली आला होता, दगड खालच्या खाचरात पसरलेले, वर कमरेएवढं गवत. मुलं शहरात गेली, असं आजींचा नातू म्हणाला. तो स्वतः बानावेच्या बाजारात ट्रायसिकल, म्हणजे बाजूला डबा जोडलेली मोटारसायकलची रिक्षा, चालवतो.

आणि ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय, ते आता. इफुगाव लोकांच्या रीतीत खाचराचे तुकडे पाडत नाहीत. जमिनीचा मोठा वाटा थोरल्या अपत्याकडे जातो, मग तो मुलगा असो वा मुलगी. आजींची खाचरं त्यांच्या थोरल्या लेकीच्या नावानं आहेत.

बाबा, तुमची थोरली मी आहे. विहिरीवरच्या खाचराला गिऱ्हाईक आलंय, फार्महाऊससाठी, हे आई मागच्या वेळी बोलता बोलता बोलून गेली. तुमचे गुडघे दुखतात, माणूस मिळत नाही, सगळं मला कळतं. तरी इसार घेऊ नका. इथे आमच्या भात संशोधन संस्थेच्या शीतगृहात सव्वा लाखाहून जास्त वाणांचं बी जपलेलं आहे, ते मी रोज बघते. पण त्या बियांना चिखल लागत नाही. आपला आंबेमोहर मला चिखलात हवा आहे.

धाकट्याशी बोलले, त्याची हरकत नाही. आपल्या ढासळलेल्या बांधासाठी पैसे या आठवड्यात पाठवते. दोन गडी बघा, पण तुम्ही स्वतः दगड उचलू नका. मी मेअखेरीस येते आणि लावणी उरकूनच परत जाईन.

आई, कणगीतलं बी कोणाला देऊ नकोस.

तुमची,
थोरली