टोपीवाले गव्हाचे कोंब

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

डार्विनच्या पत्रांतली मला सर्वांत आवडतात ती १८७८ ची. मुलगा फ्रान्सिस तेव्हा जर्मनीत वुर्त्सबुर्गला, वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस झाक्सच्या प्रयोगशाळेत. त्याची बायको बाळंतपणानंतर लगेच गेलेली, म्हणून दोन वर्षांचा होत आलेला बर्नार्ड इंग्लंडात, केंटमध्ये आजी-आजोबांपाशी. साहजिकच आजोबांच्या पत्रांत नातवाची खबर असते आणि रोपांविषयीचे प्रश्नही. आई, तू खबर वाचशील. बाबा प्रश्नांत अडकतील, म्हणून कोंब उजेडाकडे कसे वळतात हे दाखवणाऱ्या एका प्रयोगाची कृतीच लिहिते.

बापलेकांनी कॅनरी गवताचे कोंब घेतले होते. आपल्याला गहू चालेल. दहा-बारा दाणे रात्रभर भिजवा, ओल्या मातीत अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, कुंडी बंद कपाटात ठेवा. तीन-चार दिवसांत फिकट कोंब दोनेक सेंटिमीटर होतील. हिरवं पातं आवरण फोडून बाहेर आलं की तो कोंब बाद, त्यामुळे रोज डोकवा. पण दिवा लावून नको.

निम्म्यांना फॉइलची टोपी घालायची. चिंचोळी पट्टी आगपेटीच्या काडीभोवती गुंडाळून वरचं टोक पिळा आणि शेंड्यावर अर्धा सेंटिमीटर चढवा. घट्ट बसली तर कोंब मोडतो, सैल राहिली तर खालून उजेड शिरतो. दोन-तीन वाया जाणारच. मग खोक्याच्या एका बाजूला भोक पाडून ते कुंडीवर पालथं घाला, भोक खिडकीकडे. संध्याकाळपर्यंत उघडे कोंब भोकाकडे झुकतील, टोपीवाले सरळ उभे.

बाबा म्हणतील, टोपीच्या ओझ्यानं अडले असतील. ही शंका डार्विनलाही होती. त्यानं शेंड्यांवर काचेच्या बारीक नळ्या चढवल्या, काही काळ्या रंगवून, काही तशाच. साध्या नळीतले वाकले. शिवाय कोंबाचा खालचा भाग बारीक काळ्या वाळूत पुरला आणि शेंडा उजेडात ठेवला, तर पुरलेला भागही वाकला! उजेड कळतो शेंड्याला, वाकतो मात्र खालचा भाग. वरून खाली काहीतरी जातं, एवढं डार्विनच्या १८८० च्या पुस्तकात आलं. त्या 'काहीतरी'ला, म्हणजे वाढ घडवणाऱ्या वनस्पतीतल्या रसायनाला, ऑक्सिन हे नाव पुढच्या शतकात मिळालं. झाक्सला मात्र हे घरगुती प्रयोग कधी रुचले नाहीत.

गहू बियाण्याचा घ्या, डब्यातला जुना उगवेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी टोप्या काढून खोकं पुन्हा घाला, तेही वळतील. फोटो बाजूनं काढा; वरून वाक दिसत नाही.

तुमची,
लेक