झांबियाच्या खाणमंत्र्यांना खुले पत्र: ड्रिल लावण्याआधी विहिरीचं पाणी तपासा

मा. खाण व खनिज विकास मंत्री,
झांबिया सरकार, लुसाका

सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला शेतकरी. तुमच्या सरकारने वर्षाला ३० लाख टन तांबं काढायचं ठरवलं आहे. २०२४ मध्ये ते ८ लाख टनांच्या थोडं वर होतं. म्हणजे जवळजवळ चौपट खोदायचं आहे. विमानातून देशभर भूगर्भाचं सर्वेक्षण, नवे शोधपरवाने, चिलिलाबोंब्वेजवळ मिंगोंबाला सापडलेला मोठा साठा. तांबं हे तुमच्या देशाचं धन आहे आणि ते काढू नका असं सांगायला मी लिहीत नाही. आमच्याही घरात लोहखनिजाच्या खाणीच्या पगारावर मुलं शिकली.

नव्वदच्या दशकात एका पावसाळ्यात वरच्या डंपची, म्हणजे खाणीच्या टाकाऊ ढिगाची, माती ओहोळातून आमच्या वायंगणात, म्हणजे भातशेतात, उतरली. ढोपरभर लाल गाळ. तो काढायला दोन वर्षं गेली, पण भात पूर्वीसारखं पिकलंच नाही. विहीर तर त्याच्या आधीच आटू लागली होती, कारण खाण पाण्याच्या पातळीखाली गेली होती आणि पंप रात्रंदिवस चालत होते. वडील भरपाई मागायला गेले तेव्हा त्यांना विचारलं, "आधी किती पिकत होतं? विहिरीला पाणी किती होतं? कागद दाखवा." कागद नव्हता. आपल्या विहिरीचं पाणी मोजून कोण ठेवतो?

हे आठवायचं कारण तुमची काफुए नदी. १८ फेब्रुवारी २०२५ ला चांबिशीला सायनो-मेटल्स या चिनी कंपनीच्या तांब्याच्या खाणीचा टाकाऊ गाळाचा बांध फुटला आणि आम्लाचं पाणी ओढ्यातून काफुएत गेलं. मासे मेले, किट्वेसारख्या शहराचे नळ बंद ठेवावे लागले, आम्ल मारायला सरकारला विमानातून नदीत चुना टाकावा लागला. तुमची निम्म्याहून अधिक प्रजा त्या नदीच्या खोऱ्यात राहते. आमचा गाळ शेत बुजवतो, पण तो निदान डोळ्यांना दिसतो. तांब्याच्या टाकाऊ पाण्यातलं आम्ल आणि विरघळलेले धातू कळशीत दिसत नाहीत. ते प्रयोगशाळेतच कळतात, आणि पूर्वीचा आकडा हातात नसेल तर तिथला आकडाही वादात अडकतो.

तुमच्याच चिंगोलाजवळच्या गावकऱ्यांनी वेदांता ही खाण कंपनी आणि तिच्या कोंकोला कॉपर माइन्सवर नदी नासवल्याचा दावा लावला, तोही लंडनला जाऊन. १,८२६ माणसं होती. खटला इंग्लंडमध्ये चालू शकतो एवढंच ठरायला २०१९ उजाडलं. जबाबदारी मान्य न करता तडजोड झाली ती २०२१ मध्ये. हीच वेदांता आमच्या गोव्यातही लोहखनिज काढते, म्हणून ती बातमी इथे आम्ही बारकाईने वाचली. स्वतःच्या नदीसाठी शेतकऱ्याला परदेशातलं कोर्ट गाठावं लागलं, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

मंत्रिमहोदय, शोधपरवाना देतानाच एक अट घाला. पहिलं ड्रिल जमिनीत जाण्याआधी त्या टापूतल्या प्रत्येक विहिरीचं, झऱ्याचं आणि ओढ्याचं पाणी कोरड्या ऋतूत एकदा आणि पावसात एकदा तपासलं जावं. पाण्याची पातळी, आम्लता, तांबं, कोबाल्ट, शिसं. तपासणारी प्रयोगशाळा कंपनीने निवडलेली नसावी, खर्च मात्र कंपनीचा असावा. आणि तो अहवाल लुसाकाच्या कपाटात ठेवू नका. गावच्या प्रमुखाकडे आणि शाळेत, त्यांच्या बेंबा किंवा लाम्बा भाषेत त्याची प्रत राहू द्या. शोध चालू असतानाच हे होऊ शकतं. खाण सुरू झाली की 'आधीचं पाणी' उरतच नाही.

दुसरं पैशाबद्दल. काब्वेची शिशाची खाण १९९४ मध्ये बंद झाली आणि तिथल्या मुलांच्या रक्तात आजही शिसं सापडतं. खोदणारे गेले, माती तिथेच राहिली. तुमच्या कायद्यात पर्यावरण संरक्षण निधी आहे. त्यात भरायची रक्कम पूर्ण आल्याशिवाय खोदाईची परवानगी देऊ नका, हप्त्याची सवलतही नको. आमच्याकडे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिजविक्रीतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले, ते २०१२ ला खाणी बंद पडून ट्रक आणि बार्ज जागच्या जागी उभे राहिल्यावर. तोवर कित्येक वर्षांचं खनिज जहाजातून निघून गेलं होतं.

तुमचे पुष्कळसे परवाने अजून शोधाच्याच टप्प्यावर आहेत. नव्या परवान्यांची पुढची यादी निघेल तेव्हा त्यात पाण्याची ही अट असावी, एवढी माझी विनंती आहे. आमच्या तालुक्यातले पाण्याचे आणि गाळाचे अनुभव तुमच्या अधिकाऱ्यांना ऐकायचे असतील, तर आम्ही शेतकरी ते सांगायला तयार आहोत.

आपला,
डिचोली, गोवा येथील एक शेतकरी