रेम्ब्राँचा पांगुळगाडा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला बरोक कलेवरचा, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपच्या भपकेबाज शैलीवरचा, लेख वाचला. रोमची चर्चं, सोन्याचा मुलामा, ढगांतले देवदूत, व्हर्सायचा दिमाख, सगळं आलं आणि लेख संपला. त्याच सतराव्या शतकात हॉलंडमध्ये तांब्याच्या पत्र्यांवर जो संसार उमटला, त्याच्या वाट्याला एक ओळही नाही. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

डच चित्रकार रेम्ब्राँचं १६४६ च्या सुमाराचं एक एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापलेलं चित्र, आहे. पुढे दोन नग्न तरुण, एक उभा, एक बसलेला. कार्यशाळेतल्या अभ्यासासाठी असतात तसे. आणि मागे, अगदी पुसट रेषांत, एक बाई हात पुढे करून बाळाला बोलावते आहे. बाळ चक्क पांगुळगाड्यात उभं आहे! डच लोक या चित्राला त्या गाड्याच्याच नावाने ओळखतात. चालायला आणि चित्र काढायला माणूस सारखाच शिकतो, पडत-झडत, असं त्यातून सुचवलंय म्हणतात. असेलही. मला मात्र ती बाई रोज कुणाच्या तरी अंगणात भेटते.

हे एचिंगमध्येच का जमलं? पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने रेघ ओढायची. मेण निघून उघडं पडलेलं तांबं खायचं काम आम्लाचं, मग त्या खाचांत शाई भरून कागदावर छापायचं. हाताला जोर लागत नाही, सुई पेनासारखी पळते. त्यामुळे समोर घडणारी गोष्ट घडता घडता पकडता येते. शिवाय एका पत्र्यावरून पुष्कळ प्रती निघत, म्हणून तैलचित्र न परवडणाराही चित्र घेऊ शके. रेम्ब्राँने १६३५ साली काढलेली धिरडी घालणारी म्हातारी पाहा. भोवती पोरांचा गराडा, आणि पुढ्यातलं एक चिमुरडं आपलं धिरडं कुत्र्यापासून वाचवतंय. त्याच काळातल्या डच चित्रकार आड्रियान फान ओस्टाडने तर शेतकऱ्याचं घरच धरलं: १६४७ चं ‘कुटुंब’, १६५२ ची सूत कातणारी, १६५३ ची जेवणाआधीची प्रार्थना. आपल्याकडे पान वाढल्यावर श्लोक म्हणणाऱ्या घरांना ते चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

अ‍ॅमस्टरडॅमच्या खेर्त्राउट रोखमानचं नाव तर कुणी घेतच नाही. तिची चित्रं एचिंग नव्हेत, कोरणीने थेट तांब्यात खोदलेली आहेत. तरी इथे सांगतेच. बायकांच्या घरकामाची पाच चित्रं तिने केली. त्यातली भांडी घासणारी पाठमोरी आहे. ग्रेड परीक्षेच्या स्मरणचित्रात मुलं बाजारातल्या झाडून सगळ्या माणसांची तोंडं आपल्याकडे वळवून ठेवतात. त्यांना मी हे चित्र दाखवायचे. चेहरा दिसत नाही, पण कामात बुडालेली पाठ दिसते. वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, “बाई, ही माझी आई.”

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाने आपल्या संग्रहातली चित्रं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत, तेव्हा छापायला अडचण नसावी. जागेचं म्हणाल, तर धिरडीवालीचं मूळ चित्र जेमतेम अकरा बाय आठ सेंटीमीटरचं आहे. श्रद्धांजलीच्या एका चौकटीत मूळ आकारात मावेल.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, नाशिक